राखीव भोपळा

माणसाच्या अंगात सहनशक्ती किती आहे ते बघायचं असेल, तर त्याला आमच्या भावजींबरोबर एकदा खरेदीला पाठवावं. शांतपणे घरी परत आला तर तो संत समजावा. परत आलाच नाही, तर समजावं की तो अजून दुकानातच उभा आहे आणि भावजी दुकानदाराकडे बादलीभर पाणी मागतायत. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. रेल्वेच्या पार्सल कचेरीत कारकून. तसे ते इथे माझ्या एकट्याचेच भावजी, पण मी हाक मारायचो म्हणून मंडळातली पोरं हाक मारायला लागली, पोरांच्या आया तर नात्याने कुणालाही भावजी म्हणतात, आणि होता होता कल्याणच्या तळ्याकाठचं अख्खं गाव त्यांना भावजी म्हणायला लागलं. तळ्यावरच्या धोब्याचेही ते भावजीच.

आमचं पोहण्याचं मंडळ होतं. मंडळ म्हणजे काय, दहा-बारा वांड पोरं, एक पिंपळाचा पार आणि एक पाटी. भावजींचं अक्षर चांगलं म्हणून पाटी त्यांनी रंगवली, आणि पाटी रंगवली म्हणून आम्ही त्यांना चिटणीस केलं. इथेच आमचं चुकलं. चिटणीस झाल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की पोहणं तुमच्याकडे, सामान माझ्याकडे. स्वतः त्यांचा पाण्याशी संबंध घोट्यापर्यंत. घोटे बुडाले की ते धोतराचा सोगा उचलून मागे सरायचे. पण सामानाच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता. कुठलीही वस्तू हातात घ्यायची, दोनदा खाकरायचं, डावा कान वस्तूजवळ नेऊन बोटाने टकटक करायचं आणि म्हणायचं, "पाण्याला विचारू." पार्सल कचेरीत आयुष्यभर बंद खोकी वाजवून आत काय फुटलंय ते ओळखायची सवय लागलेली, त्याचा हा परिणाम. पण तिथे नुसतं वाजवणं तरी पुरायचं. इथे पाणी लागायचं.

पहिली खरेदी शिट्टीची. किती सोपी गोष्ट? मी आणि ते ठाण्याला गेलेलो. स्टेशनजवळच्या दुकानात दुकानदाराने पुठ्ठ्यावर टाचलेल्या शिट्ट्या पुढे ठेवल्या. मी एक उचलली, वाजवली, खिशात टाकली. भावजींनी ती माझ्या खिशातून काढली. म्हणाले, तळ्यावर कोरडी शिट्टी कोण वाजवणार आहे? दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागितलं आणि एकेक शिट्टी त्यात बुडवून वाजवायला सुरुवात केली. ओल्या शिट्टीतला मणी अडकतो, मग ती गुरगुरते. गुरगुरणारी बाद. सगळा पुठ्ठा संपेपर्यंत बाहेर रस्त्यावर टांगेवाले थांबलेले, दोन शाळांची पोरं जमलेली आणि शेवटी हवालदार आत आला, की इथे काय चाललंय. भावजींनी त्याला आदराने खुर्ची दिली, त्याच्या गळ्यातली शिट्टी मागितली, तांब्यात बुडवली, वाजवली, आणि सांगितलं, "बदलून घ्या. पावसाळ्यात दगा देईल." हवालदाराचा चेहरा मी अजून करून दाखवतो, फर्माईश असते.

मग चड्ड्या. मुंबईच्या तयार चड्ड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून आमच्याकडच्या बँडवाल्यांचे डगले शिवणाऱ्या शिंप्याला काम दिलं. त्याने मनापासून शिवल्या, प्रत्येकीला दोन खिसे. आम्ही म्हटलं, पोहायच्या चड्डीला खिसे कशाला? शिंपी म्हणाला, मग रुमाल कुठे ठेवाल? भावजींना हे पटलं. त्यांनी एक चड्डी रात्रभर घरच्या बादलीत भिजत ठेवली, पाण्याला विचारायला. पाण्याने लाल रंग सोडून उत्तर दिलं. पहाटे ताईने त्याच बादलीत न बघता आपलं एकुलतं एक पांढरं पातळ बुडवलं. ताई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तेवढे चार दिवस भावजी बिचारे त्या गुलाबी पातळाकडे बघून, बरं दिसतं की, असं भिंतीला सांगायचे.

माझा एकच आधार होता, नक्कल. संध्याकाळी पारावर मी भावजी करायचो. खाकरणं, सोगा, टकटक, पाण्याला विचारू, सगळं. पोरं लोळायची. एकदा नक्कल अशीच रंगात आलेली असताना सगळे अचानक गप्प झाले. मागे भावजी उभे. मला वाटलं आता ताईपर्यंत जाणार. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून हळूच दुसऱ्या बाजूला वळवलं. "डावा कान," म्हणाले. "उजव्याने मला कमी ऐकू येतं." आणि निघून गेले. आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

पण चिडायची वेळ आलीच. आमच्याकडे शिकाऊ पोरांसाठी पत्र्याचे डबे होते, तेलाचे, तोंड डाग देऊन बंद केलेले. पाठीला डबा बांधायचा आणि पाय मारायचे. एका सकाळी नाना नावाच्या पोराच्या डब्याचा डाग उकलला. तो डबा बुडबुड करत भरला आणि नानाला घेऊन खाली निघाला. मी आणि मंडळातल्या बंड्याने उडी टाकून त्याला वर काढला. नानाला काही झालं नाही, उलट त्याने घरी जाऊन फुशारकी मारली, आणि तिथेच घात झाला. नानाची आई नगरपालिकेत गेली. तिकडून निरोप आला की पुढच्या उन्हाळ्यात साहेब स्वतः तळ्यावर येऊन बघतील. शिकाऊ पोरांची यादी आधी द्यायची. यादीतल्या प्रत्येक पोराच्या पाठीला खात्रीचं तरंगतं साधन दिसलं तर परवानगी. एकाही पोराचं कमी दिसलं तर पोहणं बंद, आणि तळं मासेमारीच्या ठेक्यावर. मंडळ, पार, पाटी, सगळं खलास.

आम्ही म्हटलं, भावजी, आता तरी लवकर काहीतरी घ्या. ते मला घेऊन विठ्ठलवाडीला गेले. तिकडे निर्वासितांच्या कॅम्पात लढाईतलं उरलेलं लष्करी सामान विकणारा एक सिंधी दुकानदार होता. त्याच्याकडे बोटीवरच्या सैनिकांची तरंगती जाकिटं, कापूस भरलेली, ढीगभर. मला तर वाटलं सुटलो. पण भावजी खाकरले. दुकानदाराने विचारलं, "साईं, पानी पीना है?" भावजी म्हणाले, "पीना नहीं, पूछना है." मागच्या पिंपात एक जाकीट टाकलं आणि समोर स्टुलावर बसले. तासभर जाकीट तरंगलं. दुकानदार जिंकल्यासारखा हसायला लागला. मग ते एका कुशीवर झालं, आणि बघता बघता मुकाट्याने तळाला जाऊन बसलं. आतला जुना कापूस पाणी पीत होता. भावजी खरे ठरले, हेच आमचं दुर्दैव. कारण एकदा खरा ठरलेला माणूस पुन्हा कुणाचं ऐकत नाही. रबरी ट्यूब दाखवली, तर म्हणे काटा लागेल. मुंबईहून बूच मागवू म्हटलं, तर म्हणे विलायती झाडाची काय खात्री?

आणि एका रविवारी ते मानपाड्याहून रुमालात काहीतरी बांधून घेऊन आले. मी विचारलं, सामान मिळालं? म्हणाले, मिळालं. रुमाल सोडला. आत बिया.

कडू भोपळ्याच्या बिया. मानपाड्याच्या एका आगरी म्हाताऱ्याने दिलेल्या. त्याच्या वाडीत विहीर होती आणि त्याची सगळी नातवंडं भोपळा बांधूनच पोहायला शिकलेली. "ह्यो भोपला खावाचा नाय, पवाचा हाय," असं त्याने बजावलेलं. म्हणजे साहेब यायला वर्ष उरलेलं आणि आमचं सामान अजून मातीत जायचं होतं. मी म्हटलं, भावजी, तयार भोपळे विकत मिळतात हो. तर म्हणाले, "कोणी कसा वाढवला, मला काय माहीत?" वैशाखात त्यांनी घरामागे आळं केलं, सुतळ्या बांधल्या, आणि आषाढात वेल भिंतीवरून कौलांवर चढला.

भावजींचं घर बैठ्या चाळीतलं, दोन खोल्यांचं. श्रावणात बोक्यांच्या मारामारीत कौलं सरकली आणि नेमकी खाटेवर धार लागली. ताई म्हणाली, माणूस वर चढवा. भावजी म्हणाले, वेल तुडवला जाईल. मग सगळा पावसाळा ती दोघं खाट इकडून तिकडे सरकवत राहिली. मी एकदा सकाळी गेलो तर भावजी खाटेवर मांडी घालून छत्री धरून पेपर वाचतायत आणि ताई स्वयंपाकघरातून माझ्याकडे नुसती बघतेय. ती नजर मला नकलेत कधी जमली नाही.

भाद्रपदात फळं धरली आणि मग खरा तमाशा सुरू झाला. भावजींनी शिडी लावून प्रत्येक भोपळ्यावर चुन्याने एकेका शिकाऊ पोराचं नाव लिहिलं. पोराचं वजन बघून भोपळा. पोरं शाळेतून सुटली की आपापला भोपळा बघायला यायची. पाठोपाठ आया यायला लागल्या. तिचा एवढा आणि माझ्या लेकाचा लिंबाएवढा का? नानाची आई तर रोज. तिला भावजींनी परोपरीने सांगितलं, वहिनी, नाना हलका आहे, त्याला लहान पुरतो. ती म्हणायची, हलका कोणामुळे झाला? भीतीने झाला. खाली भांडणं आणि वर भोपळे शांतपणे फुगतायत, असे ते दिवस होते. ताई दारात उभी राहून सगळं ऐकायची. तळ्यावरही ती भावजींना चहा द्यायला यायची तेव्हा पाराआडून पोरांकडे बघत उभी राहायची आणि जाता जाता मला सांगायची, अरे, तो बंड्या पाय उशिरा मारतोय. मी म्हणायचो, तुला काय कळतंय? ती म्हणायची, दिसतंय ना.

सगळ्यात मोठा भोपळा होता वळचणीच्या टोकाला. घागरीएवढा, गळ्याशी बारीक, पोटाला गोल. त्याच्यावर नाव नव्हतं. कोणी विचारलं की भावजी म्हणायचे, "तो राखीव." नानाच्या आईने तो मागून बघितला, रडून बघितला. राखीव. आम्हाला वाटलं, साहेबांना भेट द्यायचा असेल.

माघापर्यंत भोपळे वेलावरच वाळले, वाजवले की आत बिया खुळखुळायच्या. भावजींनी एकेक उतरवून, बिया काढून, तोंड लाकडी गुडदीने आणि मेणाने बंद करून, रात्रंदिवस हौदात ठेवून पाण्याला विचारला. एकही फसला नाही. राखीव तेवढा, तोंड बंद करून, पुन्हा वळचणीला टांगला. आणि साहेब येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक पोराला त्याचा भोपळा काथ्याच्या दोरीसकट घरी दिला.

त्या सकाळी पोरं ओळीने पारावर उभी. पाठीला भोपळे, अंगात खिशांच्या चड्ड्या. ठेकेदारही आलेला, तळ्याकडे आपल्याच परसासारखा बघत. आणि नानाची आई आली, पदरात नानाच्या भोपळ्याचे दोन तुकडे घेऊन. शेजारणीच्या पोराच्या भोपळ्याशी लांबी लावून बघताना हातातून सुटलेला. बाई रडत होती, नाना खाली बघत होता. यादी कचेरीत गेलेली, त्यात नाना होता. साहेब यायला थोडाच वेळ उरलेला.

मी भावजींचा हात धरून त्यांना घराकडे पळवत नेलं. शिडी लावली. ते म्हणाले, "तो नाही."

मग मात्र मी चिडलो. शिट्टीपासून सुरुवात केली, चड्ड्या काढल्या, गळकं छप्पर काढलं. वर्षभर तुमच्या पाण्याला विचारत बसलो, आता तळं जायची वेळ आली तर एक भोपळा सुटत नाही तुमच्याने? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शिडीला हात लावून तसेच उभे राहिले. "दुसरं काहीही सांग," म्हणाले.

आवाज ऐकून ताई हात पुसत बाहेर आली. "अहो, देऊन टाका ना," ती म्हणाली. "पोरांचं तळं जाईल. एवढा कोणाचा राखून ठेवलाय तो?"

भावजी दोनदा खाकरले. पण पुढे टकटक नाही, काही नाही.

"तुझा," ते म्हणाले.

ताईला कळलं नाही. मलाही नाही. मग ते भोपळ्याकडे बघत, तुटक तुटक बोलले. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्यांना म्हणाली होती, की गावाला विहिरीवर सगळे भाऊ उड्या मारायचे आणि ती काठावर कपडे सांभाळत बसायची. भोपळा मागितला की आजोबा म्हणायचे, पोरींना नाही. "कपड्यांचं तू सांगितलंस," भावजी म्हणाले, "तेव्हापासून डोक्यात होतं."

त्या भावांत मीही होतो. सगळ्यात धाकटा. ती कधी विहिरीत उतरली नाही, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

ताई पुढे झाली. शिडीवर चढली, स्वतःच्या हाताने दोर सोडला, भोपळा पोटाशी धरून उतरली. भावजींच्या कोटाच्या खिशातून तंबाखूची चंची काढली, चुन्याची डबी उघडली, आणि त्या भोपळ्यावर बोटाने मोठ्या अक्षरात लिहिलं, नाना. मग माझ्या हातात दिला.

"पळ," म्हणाली. "चुना आहे. पुसता येतो."

साहेब आले, बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, हे साधन? भावजी म्हणाले, पाण्याला विचारा. पोरं उतरली. बाकीची ठीक, पण नाना म्हणजे असा दिसत होता की एक भोपळा पोहतोय आणि त्याने बरोबर एक पोरगा आणलाय. बुडवायला गेलं तरी बुडेना. साहेब आधी गालात हसले, मग खळखळून हसले, आणि सही करून गेले. ठेकेदाराने जाताना तळ्याकडे एकदा वळून बघितलं. नानाच्या आईने भावजींना नमस्कार केला आणि लगेच विचारलं, मग आता हा मोठाच राहील ना नानाकडे? भावजींनी तिथेच धोतराच्या सोग्याने नाव पुसलं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं मानपाड्याला त्या म्हाताऱ्याच्या वाडीत गेलो. माझं काम एवढंच, की बांधावर विहिरीकडे पाठ करून उभं राहायचं आणि कोणी आलं तर ती शिट्टी वाजवायची. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. मग ताईचा, दबका, "हा पेलेल का हो मला?" आणि भावजींचा, "पाण्याला विचारू." मग धपकन आवाज झाला, आणि काहीच नाही. मग भावजी, ज्यांना घोट्याच्या वर पाणी माहीत नाही ते भावजी, वरून सूचना द्यायला लागले. पाय मार, उशिरा नको, मान वर, श्वास घे. बराच वेळ ते एकटेच ओरडत होते. शेवटी खालून ताई म्हणाली, "अहो, जरा गप्प बसा ना. ऐकू द्या." मग ते गप्प बसले. मी मागे वळून बघितलं नाही. बांधावर एक गाय आली होती, तिच्यासाठी शिट्टी वाजवायची की नाही ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी भावजींची बदली झाली, भुसावळला. सगळं सामान त्यांनी आपल्याच कचेरीतून पार्सलने पाठवलं, पण तो भोपळा पार्सलमध्ये दिला नाही. ताईच्या मांडीवर बसून गेला. तिकडे नदी मोठी आहे म्हणतात. घराची कौलं नव्या भाडेकरूने चाळून घेतली, आता गळत नाही, आणि वर काही नाही. पोरांचे भोपळे एकेक करून फुटले. मंडळाचा चिटणीस आता मी. नकला अजून करतो, पण भावजींची फर्माईश आली की दुसरं काहीतरी काढतो.

मागच्या महिन्यात शिकाऊ पोरांसाठी साधनं आणायला मी मुंबईला गेलेलो. मोठं दुकान, काचेची कपाटं. बुचाचे चकचकीत पट्टे पुढे ठेवून दुकानदार म्हणाला, बांधून देऊ? मला घाई होती. म्हणणार होतो, द्या. पण दोनदा खाकरलो आणि विचारलं, जरा बादलीभर पाणी मिळेल का? त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. शेवटी गड्याने कुरकुरत बादली आणून ठेवली. मी पट्टा पाण्यात सोडला, वाकलो, डावा कान खाली नेला, आणि बराच वेळ तसाच राहिलो. दुकानदार वैतागला असणार.